संबंध नसल्याची सही

परभणीहून निघालेली एसटी जवळा बाजारला थांबली तेव्हा माझ्या मांडीवरची प्लास्टिकची नळी पुढच्या सीटवरच्या आजोबांच्या कानाला तिसऱ्यांदा लागली. मी तिसऱ्यांदा माफी मागितली. त्यांनी मागे वळून नळीकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "ठिबकचा पाइप हाय का म्याडम? लई जाड दिसून राहिला."

नळीत बॅनर होता. पुण्याहून निघताना आमच्या संचालकांनी तो स्वतः गुंडाळून माझ्या हातात दिला होता. 'अठराव्या वर्षी दार बंद नको' असं त्यावर लिहिलेलं होतं आणि खाली एक दार काढलेलं होतं. चित्रकाराने ते दार बंदच काढलं होतं, हे आमच्या चार बैठकांत कुणाच्याही लक्षात आलं नाही.

त्या दिवशी जवळ्याचा बाजार होता. गाडी निम्मी रिकामी झाली आणि दुप्पट भरली. माझ्या शेजारी एक बाई वांग्याची पिशवी घेऊन बसल्या. पिशवी त्यांनी माझ्या पायावर ठेवली, एक गरम भजं माझ्या हातावर ठेवलं आणि मग चौकशीला सुरुवात केली. कुठल्या, कुठं चालल्या, मालक काय करतात. शेवटी, "काम काय करता?"

हा प्रश्न मला चौदा वर्षं छळतो आहे. मी धोरणवकिली करते, असं पुण्यात सांगितलं की लोक मान डोलावतात. इथे तसं चालणार नव्हतं. म्हणून नीट सांगितलं. आईवडील नसलेली काही मुलं संस्थेत वाढतात, काहींना सरकारच्या संमतीने दुसरं कुटुंब सांभाळतं. त्या घराला आम्ही प्रतिपालक कुटुंब म्हणतो. मूल अठरा वर्षांचं झालं की कागदावर ही व्यवस्था संपते. पुढे त्या पोरांनी कुठे राहायचं, काय शिकायचं, यासाठी चांगले नियम व्हावेत म्हणून आम्ही सरकारदरबारी खेटे घालतो.

"अठराव्या वर्षी संपते काहून (का)?"

"तसा नियम आहे."

"तुमी तो बदलून राहिल्या?"

"हो. प्रयत्न चालू आहे."

"किती वर्षं झाले?"

मी आकडा सांगितला. बाईंनी आणखी एक भजं माझ्या हातावर ठेवलं. ते मी मुकाट्याने खाल्लं.

औंढा मागे टाकून हिंगोलीला पोचले तेव्हा दुपार झाली होती. दिवस गुरुवारचा. बसस्थानकावर तोंड धुतलं, साडीवरचा भज्याचा डाग पदराखाली घेतला आणि रिक्षा करून थेट कार्यालय गाठलं. कोणतं कार्यालय ते सांगत नाही. एवढंच सांगते की, सांभाळणाऱ्या घरातून किंवा संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांना शिक्षणासाठी राखीव जागा आणि वसतिगृह देणाऱ्या एका योजनेचे अर्ज तिथे जातात. योजना बऱ्यापैकी नवी आहे. तिचा मसुदा आमच्या संस्थेने केला आहे आणि ती आमच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर आहे.

मी आले होते शीतल नावाच्या मुलीसाठी. सेनगाव तालुक्यात गोरेगावजवळच्या एका तांड्यावर ती सातव्या वर्षापासून वाढली. नुकतीच अठराची झाली आणि हिंगोलीतच परिचारिका होण्याच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला आमच्या योजनेतून तिचा नंबर लागला. संपूर्ण विभागातून आमची पहिली मुलगी. तिच्यावर दोन मिनिटांची चित्रफीत करायची, असं संचालकांच्या मनात होतं. पण तिचा अर्ज दोन आठवडे अडकून पडला होता, आणि तो का अडकला हे फोनवर कुणी धड सांगत नव्हतं.

टेबलामागचे बाबू मोठे सज्जन होते. त्यांनी मला पंख्याखाली बसवलं, फाइल काढली आणि कागद एकेक करून माझ्यासमोर मांडले. "बघा म्याडम. गुणपत्रिका बराबर. वयाचा दाखला बराबर. फोटो बराबर. फक्त नमुना सात राहिला. शनिवारी बारापर्यंत नाही आला तर जागा यादीतल्या पुढच्या पोरीला जाते."

"नमुना सात म्हणजे..."

"संबंधमुक्ती घोषणापत्र." ते शब्द त्यांनी जिभेवर तिखट आल्यासारखे उच्चारले. "सांभाळणाऱ्या आईबापानं लिहून द्यायचं की, ह्या मुलीशी आता आमचा कोणताही संबंध उरलेला नाही. ती बाई सहीच करंना. दोनदा येऊन गेली. दुसऱ्या खेपेला कागदावर चहा सांडला. चुकून, म्हणे." बाबूंनी हळूच विचारलं, "म्याडम, असा कागद कोन्या विद्वानानं काढला असंल?"

मी पंख्याकडे पाहिलं. पंखा फिरत होता.

तो विद्वान मी होते. तळ्याकाठच्या एका हॉटेलात तीन दिवसांची कार्यशाळा झाली होती, त्यात दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मी ते कलम लिहिलं. हेतू वाईट नव्हता. एका ठिकाणी सांभाळणाऱ्या काकाने मुलाला मिळणारी मदत स्वतःच वापरली होती. तसं पुन्हा होऊ नये, अठरा वर्षांच्या मुलाने स्वतंत्र व्हावं, जुन्या घराने त्याच्यावर हक्क सांगू नये, म्हणून आधी नातं कागदावर सोडवून घ्यायचं. 'संबंधमुक्ती' हा शब्द मी सुचवला तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. मला तो शब्द फार आवडला होता. घरी येऊन मी तो दोघातिघांना ऐकवलाही होता.

बाबूंना यातलं काही सांगितलं नाही. नमुना सातची कोरी प्रत घेतली आणि बाहेर पडले.

हिंगोलीहून गोरेगावला जाणाऱ्या जीपमध्ये किती माणसं बसतात, याला उत्तर नाही. आणखी एक बसतो. माझी नळी टपावर गेली आणि मी चार बायकांच्या मध्ये. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं, मधूनमधून हळदीची हिरवीगार पानं. एका ठिकाणी चालकाने गाडी थांबवली, उतरून एका शेतकऱ्याशी भावाच्या लग्नाबद्दल सविस्तर बोलला आणि परत आला. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या कचेरीत प्रवासाची नोंद करणाऱ्या मुलाला मात्र मी 'गोरेगाव' लिहिल्यावर मुंबईचंच गोरेगाव आठवलं होतं आणि तिथे मुक्कामाला दोन दिवस कशाला लागतात, असं त्याने विचारलं होतं.

गोरेगावच्या स्टँडवर शीतल उभी होती. सावळी, शिडशिडीत, केस तेल लावून घट्ट बांधलेले. फोटोवरून ओळखलं. तिनेही मला ओळखलं. नळी घेऊन उतरलेली दुसरी कोण असणार. टपावरून नळी तिनेच खाली घेतली.

"तांडा दोन किलोमीटर हाये मॅडम. परवाच्या पावसानं रस्ता चिकट झाला. चपला हातात घेता का?"

मी नको म्हटलं. पुण्याच्या माणसाला आपल्या चपलांवर फार विश्वास असतो. पाव किलोमीटरवर काळ्या मातीने डावी चप्पल ठेवून घेतली आणि मी पुढे निघाले. मग उजवी हातात घेऊन, बॅनरची नळी काठीसारखी टेकत, अनवाणी, मी राज्यस्तरीय धोरणाची प्रतिनिधी तांड्याकडे चालू लागले. शीतल हसली नाही. ती माझी चप्पल उकरून काढत होती. तेवढ्यात खाली मान घालूनच म्हणाली, "मॅडम, याडीची (आईची) सही घ्या. कसं बी करून घ्या. मला ती जागा पाहिजे. पाच वर्षं झाले मी तेवढंच मनात धरून हाये."

"तू बोललीस का तिच्याशी?"

"मी कसं बोलू?" तिने चप्पल गवतावर पुसली. "तिला कसं म्हनू की, मी तुझी न्हाई असं लिहून दे?"

कार्यशाळेत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मुलीचंही मत विचारायचं असतं, हे आमच्या नमुना सातच्या गावीच नाही. त्या कागदावर शीतलच्या सहीला जागाच नव्हती.

तांडा म्हणजे साठसत्तर घरं. पूर्वी बैलांच्या पाठीवर माल लादून मुलखोमुलखी फिरणारी ही माणसं आता शेती करतात. शेवंताबाई आणि गणपतराव यांचं घर कडेला होतं. पत्र्याचं छप्पर, शेणाने सारवलेलं अंगण, अंगणात शेंगदाणे वाळत घातलेले. शेवंताबाई पन्नाशीच्या, उंच, आवाज असा की शेजारच्या वावरात ऐकू जावा. माझे पाय बघून त्यांनी आधी पाणी ओतलं, मग टॉवेल दिला, मग म्हणाल्या, "कागद घेऊन आल्या ना? जेवून घ्या. मंग वाद घालू."

ज्वारीची बाटी (भाकरी), अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याचा ठेचा. ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. शेवंताबाईंनी ते पाहून समाधानाने दुसरी बाटी वाढली. गणपतराव अबोल होते. मी पाणी मागितलं की तांब्या पुढे सरकवायचे, एवढंच.

जेवणानंतर मी माझी प्रश्नावली काढली. असं काही करायची गरज नव्हती, पण पिशवीत ती होती आणि संचालकांना भरून हवी होती. 'संक्रमण-सज्जता मूल्यांकन' असं तिचं नाव. पहिला प्रश्न वाचला. "मुलीला घरातून मिळणाऱ्या भावनिक आधाराला एक ते पाच गुण द्या."

शेवंताबाईंनी विचारलं, "पाचात कितीला पास?"

"पासनापास नसतं. आपल्याला जे वाटतं ते सांगायचं."

"तवा पाचला पाच लिहा. अन् पुढचं इचारू नका." मग त्या सावकाश बोलल्या. "सात वर्षांची व्हती. रातच्याला अंथरूण ओलं करायची. म्या कुणाला कळू देलं न्हाई. शाळेत नाव घालताना मास्तरानं इचारलं, ही कुणाची? म्या म्हनलं, माझी. आता तुमी म्हन्ता, लिहून दे की न्हाई माझी. कोन्या तोंडानं लिहू?"

मी समजावायला सुरुवात केली. हा फक्त कागद आहे. कागदावर असलं म्हणून खरं नातं जात नाही. असलं बरंच काही बोलले. चौदा वर्षं मी लोकांना सांगते आहे की, कागदावर जे नाही ते जगात नाही. त्या संध्याकाळी मी उलटं सांगत होते, आणि ते सांगताना माझी जीभ जराही अडखळली नाही.

गणपतराव पहिल्यांदाच बोलले. "नायकाला इचारा. नातं तोडायची गोष्ट हाये. ती काय घरात बसून होत नसती."

मुक्काम त्यांच्याच घरी झाला. शीतलने मला तिची खाट दिली. सकाळी तांड्यावरच्या लिंबाखाली सगळे जमले. नायक म्हणजे तांड्याचा मुख्य. रामजी नायक सत्तरीचे, पांढरं धोतर, कानात भिकबाळी, हातात मोबाइल. त्यांनी मोबाइल बंद करून शेजारच्याकडे दिला. आमच्या कुठल्याच बैठकीत मी हे दृश्य पाहिलेलं नाही.

"आमच्या तांड्याची रीत सांगतो म्याडम," ते म्हणाले. "भावानं भावाशी, बापानं लेकाशी नातं तोडायचं म्हनलं तर ते इथं, सगळ्यासमोर तोडावं लागते. अन् कसूर (दोष) सांगावा लागते. कोनी काय केलं ते. कसूर न सांगता तोडलेलं नातं आमी मानत न्हाई. बाहेरच्या मान्साला बी हेच. आता कागद तुमी आनला. सांगा, कसूर कुनाचा? पोरीचा का हिचा?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी उठले. मोठ्या सभागृहांत मी भाषणं केली आहेत. म्हणून तसंच बोलायला लागले. तरुणांची स्वायत्तता, निर्णयप्रक्रियेत सहभाग, हितसंबंधांचा संघर्ष. पाचेक मिनिटं बोलले. लिंबावर एक कावळा होता, तोही गप्प होता.

"ते बराबर हाये," नायक शांतपणे म्हणाले. "पर कसूर कुनाचा?"

"कुणाचाच नाही."

"मंग तोडायचं काहून?"

एका म्हातारीने बसल्या जागेवरून विचारलं, "बाई, तुमाला लेकरं?"

"एक मुलगा आहे. पंचवीस वर्षांचा."

"कुठं राहते?"

"घरीच. माझ्याजवळ."

"त्याच्यासाठी अठराव्या वर्षी असा कागद लिहून देला व्हता का?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मलाही हसू आलं आणि मग लाज वाटली. माझ्या मुलाला कुणी कधी सज्जतेचे गुण दिले नाहीत. त्याला अजून कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत, आणि संक्रमण तर त्याच्या जवळपासही आलेलं नाही.

नायकांनी निवाडा दिला. कसूर नाही, म्हणून नातं तुटत नाही. सही होणार नाही. सभा उठली, कुणीतरी चहा टाकला, सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. आणि माझ्या लक्षात आलं की, ही माणसं बरोबर आहेत, मी चूक आहे, आणि शीतलची जागा गेली.

चहा हातात घेऊन मी शेवंताबाईंबरोबर घरी आले. शीतल आधीच आली होती. दाराशी तिची पत्र्याची पेटी उघडी होती. जायची म्हणून तिने ती आठवड्यापूर्वीच भरून ठेवली होती. आता ती एकेक वस्तू बाहेर काढत होती. दोन ड्रेस दोरीवर टाकले. वही फळीवर ठेवली. शेवटी पांढऱ्या बुटांचा जोड काढला, नवा, कागदात गुंडाळलेला. गणपतरावांनी सेनगावहून आणलेला. ती खुर्चीवर चढली आणि तो जोड माळ्यावर, अगदी मागे, जुन्या घागरीच्या पलीकडे ठेवून दिला. रडली वगैरे काही नाही. उतरली, खुर्ची जागेवर ठेवली आणि शेंगदाणे निवडायला बसली.

शेवंताबाई दारात उभ्या राहून हे पाहत होत्या. मग मला म्हणाल्या, "आना तो कागद."

"पण नायकांनी..."

"नायकाला बलवा. कसूर लागते ना? कागद तुमी आनला, तुमीच सांगा त्याला, कसूर कुनाचा."

नायक आले. मी सांगितलं की, तो कागद मी काढला. माझ्या संस्थेने नाही, सरकारने नाही, मी. विचार न करता काढला. कसूर माझा. चौदा वर्षांच्या नोकरीत मी इतकं लहान वाक्य कधी बोलले नव्हते. नायक रागावले नाहीत. म्हणाले, "बराबर. मंग आमच्या रीतीनं, ज्याच्या कसुरानं तुटलं त्यानं त्या लेकराला सांभाळायचं. पोरीला काई तकलीफ झाली तर तुमाला इचारू."

मी हो म्हटलं. त्या क्षणी मी कशालाही हो म्हटलं असतं.

मी शाईचा पॅड काढायला लागले, तर शेवंताबाईंनी हात आडवा केला. "अंगठा न्हाई. सही करते. पोरीनं शिकवली, चौथीत असताना. पाटीवर." त्यांनी पेन घेतलं. 'आमचा ह्या मुलीशी कोणताही संबंध उरलेला नाही' या ओळीखाली, शीतलनेच शिकवलेली अक्षरं, एकेक करत, जिभेचं टोक दातात धरून त्यांनी काढली. शेवंतातला अनुस्वार द्यायचा राहिला. शीतल पाठमोरी होती, ती म्हणाली, "याडी, वर टिंब दे." शेवंताबाईंनी टिंब दिलं. गणपतरावांनी सही केली आणि ते सरळ वावरात निघून गेले.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. संचालकांचा संदेश होता. 'सही करतानाचा कुटुंबाचा फोटो पाठव. हसरा हवा.' मी मोबाइल पिशवीत टाकला.

शनिवारी सकाळी आम्ही तिघी हिंगोलीत. बाबूंनी नमुना सात पाहिला. फाइलवर शिक्का मारला. मग मान खाजवत म्हणाले, "एक रकाना हाये म्याडम, पाठपुरावा प्रतिनिधीचा. संस्थेचं कोणी तरी लागतं." मी माझं नाव घातलं. अकरा वाजून गेले होते. शीतलची जागा पक्की झाली. बाहेर येऊन आम्ही रसवंतीवर रस प्यायलो. शीतल पहिल्यांदा मोकळी हसली आणि पुढचे दोन तास अखंड बोलत होती. अभ्यासक्रमात काय असतं, सुई कशी धरतात, तांड्यावर परतल्यावर पहिल्यांदा कुणाचा रक्तदाब मोजायचा. शेवंताबाई म्हणाल्या, नायकाचा मोज, त्यानं लई फुगवून ठेवलाय.

दुपारी वसतिगृहाच्या फाटकाशी पोचलो. पेटी शीतलच्या हातात, शेवंताबाईंच्या हातात पिवळ्या झाकणाचा प्लास्टिकचा डबा. त्यात धपाटे, ठेचा, लोणचं. फाटकावरच्या बाईंनी शीतलचं नाव यादीत पाहिलं, मग फाइलची प्रत पाहिली.

"ह्या कोण?"

"आई," शीतल म्हणाली.

फाटकावरच्या बाईंनी कागद पुढे केला. त्यांचा काही दोष नव्हता. घोषणापत्राच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, कलमाचा उरलेला भाग छापलेला होता. संबंधमुक्त झालेल्या कुटुंबाचा तरुणीवर दबाव येऊ नये म्हणून, शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्या कुटुंबातील व्यक्तींना वसतिगृहात भेटीची परवानगी असणार नाही. भेटीचा अधिकार पाठपुरावा प्रतिनिधीस राहील.

हे वाक्यही माझंच. तिसऱ्या दिवशी, गाडीची वेळ झालेली असताना लिहिलेलं. मी ते पार विसरून गेले होते.

मी भांडले. संचालकांना फोन लावला, ते बैठकीत होते. बाबूंना फोन लावला, ते म्हणाले, "म्याडम, छापलेलं हाये, माझ्या हातात काय?" फाटकावरच्या बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं, पण फाटक दिलं नाही. शेवंताबाई हे सगळं बघत होत्या. काय झालं ते त्यांना समजलं होतं. त्यांनी शीतलवरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली, तिला म्हणाल्या, "जा. उशीर करू नको." मग डबा माझ्या हातात दिला.

"लोणचं वरच्या कप्प्यात हाये, सांडू देऊ नका. अन् खाट खिडकीपाशी हाये का बघा. तिला बंद खोलीत भेव वाटते."

मी आणि शीतल आत गेलो. फाटकापासून इमारतीपर्यंत लांब फरशी होती. मी डबा दोन्ही हातांनी धरला होता. शीतल वळून वळून मागे बघत होती आणि मी तिला बघू नको म्हणू शकत नव्हते. खाट खिडकीपाशी नव्हती. मी प्रतिनिधी म्हणून जोरात बोलले आणि ती बदलून घेतली. माझ्या अधिकाराचा तेवढा एक उपयोग झाला. बाहेर येऊन शेवंताबाईंना सांगितलं, खिडकीपाशी आहे. त्यांनी मान हलवली आणि त्या गोरेगावच्या जीपकडे चालू लागल्या.

रविवारी परतीच्या गाडीत मी दुरुस्तीचा मसुदा लिहिला. फार नाही, तीन ओळी. दोन्ही वाक्यं काढून टाकावीत आणि भेटायला कोण यावं हे त्या मुलीला विचारावं. जवळा बाजारच्या थांब्यावर शेवटचा शब्द लिहून झाला. पुण्यात तो संचालकांना दिला. त्यांना आवडला. त्यांनी तो सरकारकडे पाठवला. तिथून उत्तर आलं की, सूचना स्तुत्य असून आगामी सल्लामसलतीत विचारार्थ ठेवण्यात येईल. ही भाषा मला तोंडपाठ आहे. इतरांच्या सूचनांना मी स्वतः असं उत्तर दिलेलं आहे.

प्रवासाने माणूस शहाणा होतो असं म्हणायची पद्धत आहे. मी शहाणी झाले की नाही ठाऊक नाही, माझा प्रवास मात्र वाढला. दर महिन्याच्या भेटीच्या रविवारी मी पुण्याहून हिंगोलीला जाते. शेवंताबाई गोरेगावहून येतात, फाटकासमोरच्या पायरीवर बसतात आणि डबा माझ्याकडे देतात. मी तो घेऊन ती फरशी चालते. शीतल खाते, मी समोर बसते. तिच्या आईने विचारायला सांगितलेलं विचारते, तिने सांगायला सांगितलेलं बाहेर येऊन सांगते. फाटकावरच्या वहीत माझ्या नावापुढे 'पालक' असं लिहिलेलं असतं. मी दरवेळी तिथे सही करते, आणि दरवेळी शेवंताबाई पायरीवरून ते बघत असतात.

गेल्या खेपेला रिकामा डबा परत घेताना त्यांनी विचारलं, "म्याडम, ते कलम बदलून राहिले म्हनलं व्हतं तुमी. कवा बदलन?"

मी खोटं बोलू शकले असते. म्हटलं, "चालू आहे. वेळ लागेल."

त्यांनी डबा उलटापालटा करून पाहिला. पिवळं झाकण एका बाजूने चिरलं होतं.

"मंग पुढच्या बारीला स्टीलचा आनते," त्या म्हणाल्या. "ह्यो तवर टिकायचा न्हाई."